दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

४ जानेवारी
रिपोर्ट आला. सुनंदाचा आजार परत. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, पुन्हा केमो. तीन आठवड्यांत काय ते ठरवा. रिक्षात ती रिपोर्टवरचा नंबर वाचत होती. १०२२११७. बाकी काही वाचलं नाही.

५ जाने.
जायला तयार नाही. एकदा भोगलं, पुरे, म्हणते. मी धरून बसलो. शेवटी म्हणाली, "ही संख्या मूळ निघाली, कशानंच भाग गेला नाही, तर येते. गेला तर विषय बंद. भागाकार तुम्ही करायचे. हातानं."
क्षणभर डोळे मिटले. "एक हजार दहाच्या पुढे जायला नको. तिथवरच्या मूळ संख्यांनी भागा."
अशा १६९. रोज दहा.
तिनं तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, मी मराठी. कबूल केलं. दुसरं काय हातात होतं.

६ जाने.
७नं भागून बाकी तीन सांगितली.
"पाच. परत करा." पडल्या पडल्या, कागदाशिवाय.
११ : आठ. १३ : पाच.

१२ जाने.
हेदवीहून तिची वहिनी आली, प्रसाद घेऊन. भागाकारांची वही उचलून चाळली. मग, "वन्सं, औषधपाणी आकड्यावर ठरवतात होय?"
"तुम्ही पत्रिका बघता, वहिनी. मी हे बघते."
जाताना मला पडवीत : "भावोजी, तुम्हीच काय ते बघा. त्या ऐकायच्या नाहीत."

१९ जाने.
आठशे ओलांडले. शून्य येऊ नये म्हणून प्रत्येक ओळ हळू करतो, जणू त्यानं काही...
सु. पेज दोन चमचे. कूस बदलताना ओठ आवळते.

२२ जाने.
९९७ : बाकी १९२. उरली एकच, १००९.
भाग गेला. निःशेष. १०१३ वेळा. तीनदा करून पाहिलं.
"किती?" पलंगावरून.
"सात."
चष्मा काढून उशाशी ठेवला.
"मग जाऊ. तिकिटं काढा."

२३ जाने.
तिकिटं काढली, परवाची.
वही पुन्हा उघडली. १००९, १०१३. मधोमध १०११. म्हणजे ही संख्या १०११चा वर्ग वजा दोनचा वर्ग. आठवीतलं सूत्र. दर वर्षी फळ्यावर लिहायची. रिक्षातच दिसलं असणार तिला.
तिचं उत्तर पहिल्या दिवसापासून 'नाही' होतं. ते माझं मला सापडावं, एवढंच. आणि मी सात म्हटलं.

२४ जाने.
"तुला माहीत होतं?"
कपड्यांच्या घड्या करत होती. "काय?"
"मग कशाला येतेस?"
"वही घ्या बरोबर. तिथं दिवसभर बाकावर बसून काय करणार तुम्ही?"
गेल्या खेपेचा डोक्याचा रुमाल तिनं बॅगेत सर्वांत वर ठेवला.
नको जाऊया, म्हणायला तोंड उघडलं. पाणी मागितलं. तिनं उठून आणून दिलं.