ऑर्विलचा नवा ट्रक

प्रिय ऑर्विल,

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तू हौसेनं घेतलेला डिझेल ट्रक डकोटाची थंडी पडली की रुसतो. धूर तपासणारा सेन्सर गोठला की इंजिन आपणहून वेग तोडतं आणि ट्रकची गोगलगाय होते. आज गुरांना चारा नेताना तो रस्त्यातच बंद पडला. आपला जुना ट्रक विकत घेतलेला शेजारी लायल त्याच ट्रकनं मला न्यायला आला.

समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून बोट उचलून सलाम करत होता. नव्या ट्रकला कुणी करत नाही.

"बरीच ओळख आहे की तुझी," मी म्हटलं.

"माझी कसली! अजून ऑर्विललाच करतात. ट्रक दिसला की बोट आपोआप वर जातं लोकांचं."

पुढच्या गाडीला तुझ्या वतीनं मीच बोट उचललं.

नवा ट्रक दुरुस्तीला टाकेन. घाई नाही.

तुझी,
इन्गा