सहा टबांतला एक

सर, परवा दुपारी फोनवर सॅमन माशाबद्दल एक लेख वाचला आणि तुमचा इतका राग आला की जेवण अर्धं टाकून उठलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये, हे कळतं मला. तिकडे दूरच्या समुद्रात सॅमनला पूर्वी चार प्रकारची बारीक मासळी मिळायची. आता मांदेलीच्या भावकीतली एकच जात उदंड झाली आहे आणि तो तीच खातो. अंगाने भरतो, अंडीही भरपूर. पण त्या मासळीत असं काहीतरी असतं की ते ब-एक जीवनसत्त्व मोडून टाकतं. मादी नदीत येऊन अंडी घालते, पिल्लं निघतात आणि गोल गोल फिरत, कुशीवर पडत मरतात. त्याच पिल्लांना जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं तर ती सरळ पोहू लागतात.

अशी फिरणारी पिल्लं आपण दोघांनी पाहिली होती, सर. आपल्या मत्स्यबीज केंद्रातल्या मरळ माशाची. त्या वर्षी तुम्ही माद्यांचं चार प्रकारचं मिसळीचं खाणं बंद करून तलावातली एकच चंदेरी मासळी सुरू केली. माद्या महिन्याभरात टंच झाल्या. त्या आनंदात तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलंत, तेही मी विसरलेलो नाही. मग पिल्लं मरू लागली. मी म्हणालो, "सर, जुन्या टाकीतल्या मादीला अजून मिसळीचंच खाणं आहे. तिची पिल्लं नीट आहेत. दोष खाण्यात आहे." तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "हौले झालात का महाराज, डोकं फिरलं का? माद्या बघा, पैलवान झाल्यात! हे तुम्हाला तुमच्या मारुतीने सांगितलं वाटतं?" मी मारुतीला जाऊन कामावर येतो याची थट्टा तुम्ही नेहमीच करायचात, मी सोसायचो. त्या दिवशी शिपाईसुद्धा हसला. "पाणी खराब आहे," तुम्ही म्हणालात, "सगळ्या टबांचं बदला."

तेव्हा बाळंतपणानंतर बायकोच्या पायांना मुंग्या येत होत्या. तिच्या आईने तिला नुसत्या भातावर ठेवलं होतं. सुलतान बाजारातले डॉक्टर म्हणाले, पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही, आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्यातल्या चार मी खिशातून आणल्या, कुटल्या आणि एका टबात विरघळवल्या. ओठांत देवाचं नाव आहे. संध्याकाळपर्यंत त्या टबातली पिल्लं सरळ पोहू लागतात. बाकीच्या पाच टबांत चक्कर चालूच. तुम्ही येता, वाकून बघता. "बघा महाराज, पाणी बदललं आणि गुण आला." पाणी सहाही टबांचं बदललं होतं, सर, हे तुम्हाला सुचलं नाही. आणि मी तोंड उघडलं नाही.

गोळ्यांची बाटली घरी जवळजवळ भरलेली होती. पाचही टब वाचले असते. पण मला ते मेलेलेच हवे होते. जाळीने पिल्लं काढून टाकताना मला आतून बरं वाटत होतं. पुढच्या वर्षीही तेच झालं, काम बंद पडलं, अपयश तुमच्या नावावर लागलं आणि तुम्ही खचत गेलात.

रविवारी तारनाक्याला तुमच्या घरी वहिनींकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांनी चहा टाकला. म्हणाल्या, "हे शेवटपर्यंत विचारत होते, माझं चुकलं कुठे? तुम्ही तर रोज तिथे असायचात. तुम्हाला तरी काही कळलं होतं का हो?" मी नाही म्हणालो. त्यांनी बशीत आणखी एक चकली ठेवली आणि ती मी खाल्ली.

मारुतीसमोर हे बोललो आहे. तिथे सोपं जातं. वहिनींच्या पत्त्यावर हे पत्र टाकता येईल, आबिड्सचं पोस्ट माझ्या वाटेवरच आहे. टाकणार नाही. त्या अजून दर दिवाळीला मला फराळाला बोलावतात, आणि ते बोलावणं बंद झालेलं मला सोसणार नाही.