डेक्कन टू घ्यावा की नाही

१ सप्टेंबर, सोमवार

'डेक्कन टू' आला! झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून गेमचा ट्रेलर आवाज बंद करून पाहिला. तीनदा.

पहिल्या भागात सोलापूर नव्हतंच. विजापूर होतं, अहमदनगर होतं, मधे नुसती तपकिरी जमीन. तिथून सैन्य नेताना वाटायचं, हे आत्ता आमच्या घरावरून चाललेत. या भागात सोलापूर आहे. किल्ला आहे, तळं आहे, तळ्यात देऊळ आहे. थांबवून, मोठं करून पाहिलं.

दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत सूट आहे. म्हणजे महिनाभर विचार करता येईल. आज काही ठरवत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गेमला कॉम्प्युटर किमान कसा लागतो ते कंपनीनं दिलं आहे. ते वहीत उतरवलं. त्याच्यासमोर घरच्या कॉम्प्युटरचं लिहिलं. दोनदा ताडून पाहिलं. चालेल.

म्हणजे 'चालणार नाही' हे कारण गेलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

अक्षताच्या कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो, तर तिचं सुरू — "हा आमचा दादा. दहावीच्या पेपरात ह्यानं बहामनी राज्य बुडूच दिलं नाही! गेममधे ह्यानं वाचवलं होतं ना, तेच लिहून आला. पाच पानं!"

मुली खूप हसल्या. एक म्हणाली, "मग किती पडले?"

"एकोणीस!"

मीही हसलो. ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. आधी आई, म्हणजे आमची अव्वा, रडत सांगायची, आता अक्षता हसत सांगते. सगळ्यांत पहिल्यांदा मीच सांगितली होती.

त्याच आठवड्यात अव्वानं सिद्धरामेश्वरांची शपथ घालून पहिला 'डेक्कन' कॉम्प्युटरमधून काढायला लावला. सात वर्षं झाली. नंतर मी कुठलाच गेम घातलेला नाही. परीक्षाही परत दिलेली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मसाठी एक बाई आल्या. येसूबाई. अंगणवाडीत मदतनीस आहेत. मुलीचं लग्न झालेलं आहे. त्यांना सेविका व्हायचंय, त्याला बारावी लागते, आणि बारावीच्या आधी दहावी. नववीत शाळा सुटली होती. शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात.

मी नाव, जन्मतारीख, जन्मगाव दोनदा वाचून दाखवलं. म्हणाल्या, "लई नीट करतोस की रं. किती शिकलास?"

"झालंय शिक्षण."

"झालंय म्हंजे कितवी?"

मागून मालक — शंकरप्पा — झेरॉक्स काढता काढता ओरडले, "दहावी नापास! पण हस्ताक्षर बघा, अक्षर न् अक्षर मोत्यासारखं!"

येसूबाई म्हणाल्या, "मग दोन फॉर्म काढ की. एक तुजाबी."

सांगितलं — मला सतरा नंबर लागत नाही. एकदा परीक्षेला नाव गेलेलं असलं की जुन्या शाळेतून रिपीटरचा फॉर्म भरतात. माझा एकच विषय राहिलाय.

"एकच?"

"एकच."

मी प्रिंट काढायला वळलो.

८ सप्टेंबर, सोमवार

घेऊ नये, कारण कधी परीक्षा द्यायची झाली तर अडचण होईल. परीक्षेचं आत्ता काही ठरवू नये, कारण गेम घेतला तर अभ्यास होणार नाही.

हे लिहून वाचलं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. एकत्र वाचली की बरी वाटत नाहीत.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुकान एक ते चार बंद असतं. मालक झोपायला घरी जातात, मी शटर अर्धं ओढून आतच डबा खातो. येसूबाई त्या वेळी येतात — अंगणवाडी सुटलेली असते. गणिताला त्यांनी शेजारची मुलगी धरली आहे. इतिहास मी सांगतो. मागणी त्यांचीच. "तुला येतं म्हनं. शंकरप्पा म्हनले, इतिहासाचं येड हाय पोराला."

पुस्तक त्यांना अजून मिळालेलं नाही. म्हणून आज मी असंच सांगत बसलो — आपला किल्ला. विजापूर आणि अहमदनगरच्या लग्नात आंदण म्हणून कबूल केला, दिला नाही, आणि त्यावरून दोन घराणी वर्षानुवर्षं लढली.

"किल्ला? आंदण?"

"हो."

"आमच्या लेकीच्या लग्नात कूलरवरनं रुसले पाव्हणे. बरंच झालं म्हनायचं मग!"

दोन तास कसे गेले कळलं नाही. त्या मला 'मास्तर' म्हणतात. थट्टेनं, पण म्हणतात.

१५ सप्टेंबर, सोमवार

ट्रेलर बघताना अक्षतानं पकडलं. जेवताना सांगून टाकलं. अव्वाची भाकरी तव्यावर तशीच राहिली, तोंडातून कानडी निघालं. "ब्याड रे, बसू! नको परत ते! एकदा खाल्लं की त्यानं तुला."

मी म्हणालो, घेत नाहीये, नुसतं बघत होतो.

अप्पा जेवत राहिले. ते बाजार समितीत तोलार आहेत. दिवसभर कांद्याची पोती काट्यावर चढतात आणि हे आकडा सांगतात. आकडा सांगण्यापुरतं तोंड उघडायचं, ही सवय घरीही आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही. भाकरी जळल्याचा वास अजून येतो असं वाटतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

येसूबाईंना मलिक अंबरचा गनिमी कावा सांगितला. पाण्याच्या बाटल्या, स्टेपलर आणि डिंकाच्या बाटल्या मांडून. त्यांनी स्टेपलर उचलून माझ्या बरोब्बर मागे ठेवला. "हितनं आलं तर?"

पहिल्या भागात मी हीच चाल तीन महिने शोधत होतो!

मग अचानक म्हणाल्या, "तुला सगळं येतंय. मग नापास कसा झालास?"

मी बहामनीची गोष्ट सांगितली. पाच पानं, एकोणीस मार्क, सगळी. त्या हसल्या नाहीत.

"हसायचं असतं इथं," मी म्हणालो.

"व्हय, पन तू पाठ म्हनल्यागत सांगतोस."

२३ सप्टेंबर, मंगळवार

जुन्या शाळेत फोन केला. 'भावासाठी विचारतोय' असं सांगितलं. मला भाऊ नाही. क्लार्क म्हणाले, "एकच विषय ना? जुनी मार्कशीट घेऊन पाठवा त्याला. दहा मिनिटांचं काम आहे. सहा तारखेपर्यंत घेतोय आम्ही."

दहा मिनिटं!

फोन ठेवल्यावर हात धुतले. का ते माहीत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

येसूबाईंना पुस्तक मिळालं. आज आल्या त्या पुस्तक छातीशी धरून. खाली बसल्या आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवून एकेक धडा वाचला. इतिहासलेखन. उपयोजित इतिहास. प्रसारमाध्यमे. एक धडा 'खेळ आणि इतिहास' असा निघाला — "हा तुजा!" म्हणाल्या. मग सगळी पानं चाळली, शेवटपासून पुढं परत चाळली.

"मास्तर, ह्यात बहामनी कुटं हाय?"

मी म्हणालो, आमच्या वेळचं पुस्तक वेगळं होतं.

हे खरं आहे. आमचं पुस्तक वेगळं होतं. त्यात महायुद्धं होती, रशिया होता. बहामनी त्यातही नव्हते. हे मात्र मी म्हणालो नाही.

सात वर्षांत आमच्या घरात कुणी ते जुनं पुस्तक उघडून पाहिलं नाही. अक्षता स्वतः दहावी झाली, पण तिच्याही लक्षात आलं नाही. गोष्ट चांगली असली की कुणी पुस्तक बघत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

येसूबाईंच्या फॉर्मची पावती आली. त्यांनी ती कपाळाला लावली, मग मला विचारलं, "तुजं?"

सहा तारीख आहे म्हणालो.

१ ऑक्टोबर, बुधवार

गेमवर लोकांनी लिहिलेलं वाचलं, एकशे बारा मतं. बहुतेकांना आवडलाय. एकानं लिहिलंय की सोलापूरच्या किल्ल्याला खंदक दाखवायला हवा होता. माझ्याशिवाय आणखी कुणीतरी थांबवून, मोठं करून पाहिलंय.

उद्या संध्याकाळी सूट संपते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी हत्यारांची पूजा. अप्पा घरचा जुना तराजू पुसून मांडतात, अव्वा विळी आणि पोळपाट, अक्षता आपली पुस्तकं. कॉम्प्युटर कधीच नसतो. त्याला सात वर्षं हळदकुंकू लागलेलं नाही. कोपऱ्यात गुन्हेगारासारखा बसलेला असतो.

आज अप्पा उठले, झेंडूचं एक फूल घेतलं आणि कीबोर्डवर ठेवलं.

"महादेवी, यंदा ह्यालाबी लाव."

अव्वानं कुंकवाची वाटी उचलली. अप्पा माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडून एका दमात एवढं मी आजवर ऐकलं नव्हतं — "तो गेम घ्यायचा असंल तर घे. लहान व्हतास तवा, आता न्हाईस. पर परीक्षाबी दे. दोन्ही कर. सोमवारी मी सुट्टी टाकतो, शाळेत जाऊ. कागदं काढून ठेव."

अव्वानं डोळे पुसून मॉनिटरला कुंकू लावलं. अक्षता म्हणाली, "दादा, आता दाब की बटण! सोन्याच्या दिवशी घेतोयस, बहामनीला चांगलं!"

मी म्हणालो, संध्याकाळी घेतो.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला मालकांकडे गेलो. तिथून चालत तळ्याच्या कडेनं गेलो. घरी आलो तोवर सूट संपली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

घेता आला नाही. पैसे होते, परवानगी होती, कॉम्प्युटरला कुंकूसुद्धा होतं. पण अव्वानं काल ज्याला माफ केलं, त्यानं काही केलेलंच नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

अप्पा: "कागदं काढली?"

मी: "मार्कशीट सापडत नाहीये."

सापडत नाहीये असं नाही. ट्रंकेत, खालून दुसऱ्या वर्तमानपत्राच्या घडीत आहे. सात वर्षांत कुणाला दाखवलेली नाही. निकाल मीच मोबाईलवर पाहिला होता आणि मीच सांगितला होता.

५ ऑक्टोबर, रविवार

येसूबाई बाजारात भेटल्या. पिशवीत मेथी आणि मेथीच्या खाली पुस्तक. म्हणाल्या, "मला लई भ्या वाटतंय रं. त्या हालमदी बसायचं म्हंजे. पोटात गोळा येतो."

मी म्हणालो, येतो. गेटपाशी सगळ्यांत मोठा असतो.

"मग काय करायचं?"

मी त्यांच्या पिशवीतली मेथी नीट सारली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तू असशील की शेजारी."

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अप्पा शर्टाची बटणं लावत असताना मार्कशीट त्यांच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात. एकेका रांगेवरून बोट फिरवत गेले. चौसष्ट. बावन्न. सत्तर. शेवटच्या रांगेवर बोट थांबलं.

"हितं आकडा न्हाय. नुसती दोन अक्षरं हाईत."

"गैरहजर, अप्पा. मी गेलोच नव्हतो. गेटपर्यंत गेलो आणि आत जाववलं नाही. पेपर सुटेपर्यंत स्टेशनात बसलो. दोन दिवसांनी त्याच विषयाचा भूगोलाचा पेपर होता, तेव्हाही तसंच."

अप्पांनी कागद घडीवर घडी जुळवून मिटला, खिशात ठेवला. चपला घातल्या. दारात थांबले.

"म्हंजे सात वर्सं त्या गेमनं उगंच शिव्या खाल्ल्या की रं आमच्या." मग म्हणाले, "चल. शाळंतनं आलो की घरात घे त्याला."