टेबलाचाच दोष

प्रिय धाकटे,

परवा फोनवर मी 'विचार करून सांगते' म्हणून विषय संपवला, तेव्हा तुला राग आला असणार. मोठी बहीण असून साधा सल्ला द्यायला टाळाटाळ करते, असंच मनात आलं ना? पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मध्येच गल्ल्यावरून कुणाला तरी हाका मारतेस, आणि मी काय सांगत होते तेच विसरून जाते. म्हणून लिहायला बसलेय. तुकड्यातुकड्याने लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर भाच्याने हॉटेलात लावायला बोर्ड रंगवून आणलाय. ग्राहकाच्या हातून वस्तू फुटली तर तिची किंमत बिलात लावली जाईल, म्हणे. तो लावायचा की नाही यावरून तुम्हा मायलेकांचा अबोला. तो स्वयंपाकघरात, तू गल्ल्यावर, आणि निरोप पोचवता पोचवता वेटरांची वरात. तुला माहीत नसेल, पण तुझ्या आधी त्याचाच फोन आला होता मला. वकील पकडल्यासारखं दोघांनी मलाच पकडलंय. त्याचंही मी नीट ऐकून घेतलं. पोरगं कंजूष नाही गं. मध्यंतरी ते टोळकं येऊन पैजेवर ग्लास फोडून गेलं, वर दात काढत निघून गेलं, त्याचा त्याने धसका घेतलाय. मुद्दाम फोडणाऱ्याकडून वसूल करायलाच हवं, यात मी त्याच्या बाजूची आहे. पण बोर्डाला मुद्दाम आणि चुकून यातला फरक कुठून कळणार? तो दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे वटारूनच बघणार.

तुझी पद्धत मी डोळ्यांनी बघितलेली आहे. एप्रनांची मापं घ्यायला यायचे, तेव्हा गळ्यात टेप टाकून कोपऱ्यात बसायचे मी. कुठेतरी खळकन आवाज व्हायचा. सगळं हॉटेल मान वळवून बघायचं आणि ज्याच्या हातून फुटलं तो माणूस कानापर्यंत लाल व्हायचा. तू शांतपणे उठायचीस. आधी त्याच्या हाताला काही लागलंय का बघायचीस. मग दोन्ही हातांनी टेबल धरून हलवायचीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस की हे टेबलच मेलं डुगडुगतं, सुताराला कधीपासून सांगतेय. खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून पायाखाली सरकवायचीस. टेबल बिचारं पहाडासारखं भक्कम! पण तेवढ्याने माणसं आपापल्या ताटाकडे वळायची, आणि त्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा.

आणि त्या दिवशीची गंमत तर मी आजही सांगत सुटते. ती नवी नोकरी लागलेली मुलगी आईवडिलांना पहिल्या पगाराचं जेवण द्यायला घेऊन आली होती. साडीची सवय नसावी, पदर अडकला आणि सुपाचं अख्खं भांडं खाली. वडिलांचा चेहरा असा झाला की आता हिला इथेच ओरडतात. तू नेहमीप्रमाणे गेलीस, टेबल हलवलंस, सुताराच्या नावाने खडे फोडलेस, आणि शेजारच्याच टेबलावर बायकोला घेऊन खुद्द सुतार बसलेला! वेटर जागच्या जागी थिजले. मी टेप तोंडात धरला, हसू बाहेर पडू नये म्हणून. सुतार उठला, गुडघे टेकून खाली वाकला, स्वतः केलेला तो सरळसोट पाय त्याने निरखून बघितला. मग एकदा त्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाला की हो, लाकूड आकसलंय, उद्या येऊन बघतो. त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

नंतर स्वयंपाकघरात त्याने तुझी काय हजेरी घेतली! माझ्या हातची टेबलं इतकी वर्षं टिकली आणि तू गावभर त्यांची बदनामी करतेस, बायको वाटभर मला टोमणे मारणार, असं म्हणून तो रुसूनच बसला. शेवटी तडजोड अशी झाली की यापुढे दोष फरशीला द्यायचा. फरशी बसवणारा गाव सोडून कधीच गेलेला, तो काही जेवायला येणार नव्हता. सुताराचं समाधान झालं आणि तेव्हापासून तुझ्या हॉटेलातली फरशी उंचसखल झाली ती झालीच.

आपल्या घरात तू आगाऊ म्हणून प्रसिद्ध. आईचं निम्मं आयुष्य तुझ्या वतीने शेजाऱ्यांची माफी मागण्यात गेलं. पण तोच आगाऊपणा तू परक्या माणसाची लाज झाकायला वापरतेस, हे बघून मला तुझं फार कौतुक वाटतं. तोंडावर कधी बोलले नाही, बोलले असते तर तू डोक्यावर चढून बसली असतीस. आता लिहून टाकलं, एकदाचं.

आता दुसरी बाजूही ऐक. मध्यंतरी मुलाने आम्हा सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. मोठं, नीटनेटकं हॉटेल. माझ्या हातून काचेचा वाडगा निसटला. कुणी काही वाईट वागलं नाही, हे आधी सांगते. मॅनेजर हसून ठीक आहे म्हणाला, झाडून नेलं, दुसरा वाडगा आला. फक्त बिलात शेवटी एक ओळ होती, फुटलेल्या वाडग्याची. मुलाने ती वाचली, पैसे दिले आणि बिल पटकन खिशात घातलं. त्याला वाटलं मला दिसलं नाही. खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं, नुकसान केलं, भरून दिलं, हिशोब संपला. फुकटची दया मला कधीच आवडली नाही. पण झालं उलटंच. गाडीत कुणीही त्याबद्दल बोलेना, मुद्दाम भलतेच विषय काढत होते, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून सुनेने माझा चहा अर्धाच भरायला सुरुवात केली. मायेनेच करते ती, म्हणून तर काही बोलता येत नाही.

त्यानंतर मी बाहेर कुठे जेवायला गेलेली नाही. हॉटेलच्या वाढदिवसाला तू एवढं बोलावलंस, मी गुडघ्याचं निमित्त केलं. नवे एप्रन मागितलेस, तर डोळ्यांना झेपत नाही म्हणाले. गुडघे ठणठणीत आहेत गं माझे, आणि सुईत दोरा ओवायचा असेल तर नेढं अजून स्पष्ट दिसतं. दोराच स्थिर राहत नाही.

बोर्डाचं काय ते तुम्ही मायलेक बोलून ठरवा. मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. माझा उजवा हात थरथरतो. आता डावाही त्याच्या वाटेला लागलाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण हे पूर्ण जाणार नाही, वाढतच जाईल, असं स्पष्ट सांगितलंय. घरातल्यांना फक्त म्हातारपण वाटतंय, खरं तुलाच पहिल्यांदा सांगतेय. येत्या रविवारी दुपारी, भर गर्दीच्या वेळी, मला मधलं टेबल राखून ठेव. सगळ्यांना देतेस तेच काचेचे ग्लास, त्याच बशा मला दे, आणि समोर तू बस. फुटलं तर फुटू दे. भाच्याला बिलात लावायचं असेल तर खुशाल लावू दे, मी एका शब्दाने भांडणार नाही. पण हात लपवून घरात बसायचा मला आता कंटाळा आलाय. मला माणसांत बसून जेवायचंय.

तुझीच,
रविवारची वाट बघणारी ताई