चौदा नंबरच्या अंगणातली पाटी

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
लैंगिक गुन्हेगार नोंदणी शाखा, शेरिफ कार्यालय,
टर्नर्स फोर्ड काउंटी, फ्लोरिडा.

विषय : माझ्या अंगणात चुकून रोवलेली पाटी शनिवारच्या हॅलोवीनपूर्वी योग्य घरी हलवण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. ६ व १५ ऑक्टोबरचे अर्ज.

महोदय,

१. मी व्हर्डेल प्रुइट, वय ६८, हेरॉन बेंड वसाहतीत एकोणीस वर्षे एकटी राहते. पुरात पडलेली पहिली दोन घरे मालकाने मार्चमध्ये काढली आणि उरलेल्यांना नवे नंबर दिले. माझे सोळा होते, ते चौदा झाले. जुने चौदा आता बारा आहे. तिथे आपल्या यादीतले श्री. डेल राहतात.

२. आपल्या यादीत ते अजून चौदातच आहेत. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावरील नकाशातला लाल ठिपका माझ्या छपरावर आला आणि हॅलोवीनला दारोदार खाऊ मागणाऱ्या मुलांसाठीची "इथे खाऊ मिळणार नाही" ही पाटी माझ्या गुलाबांत. गेल्या मंगळवारी खिडकीतून दगड आला. तेव्हापासून मी न्हाणीघरात झोपते, कारण तिथे खिडकी नाही.

३. आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, पत्ताबदलाचा फॉर्म ज्याचा त्यानेच भरायचा, तोही घर बदलले तरच. श्री. डेल यांनी घर बदललेले नाही. मीही नाही. "मग बदललंय तरी काय, बाई?" असे त्यांनी मला विचारले. नंबर, असे मी नम्रपणे सांगितले. त्याचा फॉर्म नाही.

४. पाटीला हात लावणे गुन्हा आहे, असे पाटीवरच छापले आहे. श्री. डेल कुंपणाशी येऊन गोड बोलले, "काकू, कागदावर तर तुमचंच घर आहे. मी काय करू?" त्यांनी ओसरीवर भोपळे आणि नारिंगी दिवे लावले आहेत. मला त्यांची फार भीती वाटते.

५. अकरा नंबरला ऑगस्टमध्ये क्रिस्टा नावाची बाई आली. तिची सहा वर्षांची मेबल माझ्याकडे बिस्किटे खायला येत असे. मी क्रिस्टाला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बारावर ठिपकाच नाहीये. स्वतःचं झाकायला त्या भल्या माणसावर कशाला ढकलता?" मेबलला तिने शिकवले आहे, की पाटी नसेल आणि दिवा असेल ते घर चांगले.

६. काल आपले शिपाई येऊन सांगून गेले, की शनिवारी चौदा नंबरमध्ये अंधार ठेवायचा आणि कोणी बाहेर पडायचे नाही. मी आज्ञा पाळीन. परंतु पाटी हलवणे जमत नसेल, तर निदान मला बारा नंबरच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसण्याची लेखी परवानगी द्यावी. खिडकीला ठोकलेल्या फळीच्या फटीतून ती ओसरी मला दिसते. तिथून हाक पोचत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
व्हर्डेल प्रुइट
दि. २७ ऑक्टोबर

सोबत : १) मालकाची नवी नंबरयादी. २) दगड. ३) मेबलचे वर्णन : शनिवारी ती मधमाशी होणार आहे. पिवळे पंख, डावा थोडा वाकडा. तो मी शिवला होता.