शून्याचं टेबल

सोमवार, ३

भंगाराच्या यार्डात रुजू झाले एकदाची! गेटवरचं यंत्र आता माझ्या ताब्यात. कॅमेरा चित्र घेतो, लेझर अंतर मोजतो, तिसरा भाग किरणोत्सार टिपतो. तिघांचं जुळलं की ट्रकात लपलेला घातक तुकडा पडद्यावर नेमका लाल दिसतो. रोज सकाळी यंत्र केबिनमधल्या टेबलावर ठेवून शून्य करायचं, म्हणजे आसपासचा नेहमीचा किरणोत्सार ते वजा करतं. आधीची बाईही इथेच करायची, असं मुकादमकाका म्हणाले. देवमाणूस! भंगारातल्या चकचकीत वस्तू याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जमवायचा त्यांना नाद. त्या वस्तूंच्याच खालून ही कोरी वही काढून मला दिली.

शुक्रवार, ७

माणूस सोन्यासारखा, पण सवयी! बोट थुंकीने ओलं करून रजिस्टरची पानं उलटतात. त्याच बोटांची सालं निघतात, चहात पडतात, आणि हे खुशाल घोट घेतात. आज बेसिनमध्ये त्यांच्या केसांचा ओला पुंजका पाहिला आणि शिसारी आली. डबा तसाच परत आणला.

घरी माझ्या छकुलीची मात्र चंगळ. माझ्या वहीची पानं फाडून होड्या करून घेते आणि चघळते. तीन वर्षांची घोडी झाली तरी सगळं तोंडात.

गुरुवार, १३

काका आले नाहीत. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणे. टेबल पुसलं तर फडक्याला कातडीचा पापुद्रा चिकटून आला. शी! मला दोनदा उलटी झाली. छकुलीही सकाळपासून काही खात नाही. यंत्राचं मात्र एकच पालुपद — सगळं स्वच्छ.

शनिवार, १५

त्या घाणेरड्या टेबलाजवळ जावेना. म्हणून यंत्र लांब मैदानात नेऊन शून्य केलं. केबिनकडे वळवलं आणि —

पडदा लालभडक. ड्रॉवर. काकांची चकचकीत डबी चिरलेली, पांढरी पूड सगळीकडे. इतके दिवस आम्ही रोज सकाळी हेच विष वजा करत होतो.

ही वही त्याच पुडीत पडलेली होती.

किरणोत्सार हाताळणाऱ्या पथकाला फोन केला. यंत्र घेऊन घरी पळाले.

शनिवार, दुपार

पडद्यावर उशी लाल. होड्या लाल. छकुलीचे ओठ —

उशीवर तिचे केस.

पथक वाटेत आहे. कशाकशाला हात लावला ते लिहून ठेवा म्हणाले. दुसरा कागद नाही घरात.

कडी. नळ. डबा. तिचा कंगवा. तिचे गाल. तिला भरवलेला घास, याच हातांनी. किळस येते माझ्याच हातांची —

पान संपलं. उलटायला बोट जिभेवर — कधीपासून मी —