लवूची पहिली प्रेतयात्रा

५ जानेवारी १९५६
आलो बुवा एकदाचा लालबागला! कोल्हापूरच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या चित्रपटांना क्लॅप देऊन हात झिजले. आता कॅमेरा माझा, चित्रपट माझा. लहान का असेना! शेजारच्या खोलीत लवू राहतो. मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर कामाला. त्याची बायको कौसल्या हिने आल्याआल्या उकड्या तांदळाची पेज आणि सुकटाची चटणी दिली. माझ्या देशावरच्या जिभेला झणका बसला, पण पोट निवलं. लवूला सिनेमाचं भारी वेड. त्याला घेणारच.

२९ जानेवारी
शहरात गोळीबार झाला, माणसं गेली. त्यावरच चित्रपट करतोय. आज हुतात्म्याच्या प्रेतयात्रेचा शॉट. लवूला तिरडीवर निजवला, गुलाल टाकला, चाळीतल्या चौघांनी उचलला. नाक्यावर काय व्हावं! लोकांना ते खरंच वाटलं. दुकानं पटापट बंद झाली, बायाबापड्या पाया पडल्या, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’च्या घोषणा, म्हातारे ढसाढसा रडले. लवू आपला ओंडक्यासारखा पडून. मी सांगायला हवं होतं. पण असला शॉट मागून मिळतो होय? कॅमेरा चालू ठेवला. पुढे एका बोळात लवू उठला आणि आम्ही पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी
लवूला बरं नाही. अंग थंडगार. कौसल्या तणतणत आली. त्यांच्या गावी कुणाच्या डोक्यावर कावळा बसला, की तो मेल्याचा खोटा निरोप धाडतात. नातलग रडले की संकट टळतं. पण लगेच दुसरा निरोप जातो, माणूस जिवंत आहे म्हणून. हा दुसरा निरोप गेला नाही तर ते रडणं खरं ठरतं, म्हणे. भावजी, नाक्यावर उभे राहून सांगा, म्हणत तिने हात जोडले. उद्या सांगतो म्हटलं. काय एकेक खुळं!

१८ फेब्रुवारी
गिरगावात चित्रपट दाखवला. टाळ्याच टाळ्या! खरी प्रेतयात्रा टिपली म्हणून पाठ थोपटली. ज्या शहाण्यांनी मला कधी दारात उभं केलं नाही, तेच आज चहा पाजत होते. परदेशी महोत्सवाला पाठवणार म्हणतात. आता कोणत्या तोंडाने खरं सांगू?

२३ फेब्रुवारी
लवूच्या ताटात कावळा येऊन जेवतो. लवू हाकलत नाही. चहावाला त्याच्याकडे बघत नाही, आरपार बघतो. कौसल्या माझ्या पाया पडली. आज महोत्सवाला पाठवायचं पक्कं झालं. तेवढं होऊन जाऊ दे, मग सांगतो— नक्की—

२७ फेब्रुवारी
लवू गेला. डॉक्टर नाडी बघून मान हलवून गेला.
खांदा द्यायला माणसं मिळेनात. नाक्यावरचे म्हणतात, त्याला तर पोचवला आम्ही. रडून झालंय आमचं.
कौसल्या माझ्या नावाने बोटं मोडते. मोडू दे. तिचं काय चुकलं?

२७, संध्याकाळ
स्मशानातून आलो.
शेवटी मी आणि चाळीतल्या तिघांनीच उचलला. वाटेत तिरडीवरून आवाज आला. हळूच. माझ्याच कानाशी. शॉट झाला काय, सायबानू, विचारत होता. आता उठू काय—
उठला असता तर सगळं उघडं— महोत्सव— माझं नाव—
मी म्हणालो, हलू नकोस.
ऐकलं त्याने. लाकडं पेटली तरी नाही हलला. डोळे तेवढे उघडले, माझ्याकडे— आणि अजून—